दंडारीतला डोमा

आमच्या ह्यांनी कादंबरी लिहायला घेतली तेव्हा मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले होते. निवृत्त झालेला मास्तर घरात बसला की डब्यांची झाकणं नीट लागली की नाही इथपर्यंत लक्ष घालतो. म्हटलं, आता टेबलाशी बसतील, माझं स्वयंपाकघर सुटेल. कसचं काय! कादंबरी लिहिणारा माणूस टेबलाशी कमी आणि बायकोच्या मागे जास्त असतो. तव्यावर पोळी करपत असताना बेचाळीस सालच्या पोलिसाच्या पट्ट्याचा रंग विचारणारा दुसरा नवरा भंडारा जिल्ह्यात तरी नसावा.

ह्यांचं नाव ईश्वर. जन्मभर हायस्कुलात इतिहास शिकवला. मी मंदाबाई, प्राथमिकची मास्तरीण. दोघांच्या पेन्शनीत भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेपासून जरा आत घर बांधलं आणि राहिलो. पण ह्यांचा जीव मूळ गावात, कवठबोडीत. सानगडीहून आत गेलं की जंगलाच्या कडेला गाव आहे, आणि गावापेक्षा मोठा त्याचा तलाव. इतिहासात बसेल अशी त्या गावात एकच गोष्ट घडली. बेचाळीसच्या ऑगस्टात, धानाची रोवणी म्हणजे लावणी आटोपल्यावर, गावच्या पोरांनी जंगल नाक्यावर झेंडा लावायचं ठरवलं. त्यासाठी ती तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर जमली, पहाटे पोलिसांनी पाळीला वेढा घातला, गोळी चालली आणि भैयाजी नावाचा पोरगा तिथंच गेला. गावात त्याचा चबुतरा आहे. आणि पोलिसांना जाऊन खबर देणारा माणूस म्हणजे डोमा. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. भांडण पेटलं की अजून म्हणतात, "डोमाची अवलाद होय काय बे तू?" मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच वर्षी हे ऐकलं होतं.

तर ह्यांनी त्यावर 'पाळीवरचा झेंडा' लिहायला घेतली. मेहनत केली, ते नाही म्हणता येणार नाही. गावोगावच्या म्हाताऱ्यांकडे गेले, त्यांचं बोलणं मोबाईलमध्ये भरून आणलं. आणि सगळ्यात रंगलं ते डोमाचं प्रकरण. एका दिवाळी अंकानं ते आधीच छापलं. मग काय, फोनवर फोन. व्हॉट्सअपवर ते प्रकरण गावोगाव फिरलं. हे दिवसभर मोबाईल कानाला लावून अंगणात येरझारा घालत आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत, "नाही नाही, मोठेपणा कसला."

दिवाळीनंतरच्या मंडईचे, गावोगावच्या जत्रांचे दिवस होते. धान कापणीला आलं होतं, हवेत गारवा आला होता. एका दुपारी फाटकाशी एक म्हातारा उभा राहिला. पायजमा-सदरा, गळ्यात दुपट्टा, सोबत कॉलेजात जाणारी मुलगी.

"ईश्वर गुरुजी इथीच राह्यते काय जी?"

मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. म्हातारा घटाघटा पाणी प्यायला. मग पेला खाली ठेवून म्हणाला, "मी कवडू. तुमसरले राह्यतो. राईस मिलमध्ये होतो, आता घरीच असतो. हे माही नातीन, अपेक्षा." आणि खाली बघत, "मी डोमाचा पोरगा."

ह्यांनी हातातला चष्मा डोळ्यावर चढवला. डोमाला मुलगा आहे आणि तो जिवंत आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. गावात सगळे सांगत, त्याचा वंश बुडाला.

"तुमी लिवलं थे खोटं हाये, असं म्हनाले नाई आलो मी," कवडूजी म्हणाले. "खरंच हाये थे. मले लहानपनापासून मालूम हाये. पन गुरुजी, नाव काढून टाका जी. दुसरं कोन्तंबी ठेवा. तुमसरात माह्या बापाचं नाव कोनालेच मालूम नाई. या पोरीले बी नव्हतं. तिनं मोबाईलवर वाचलं अन् मले इच्यारलं, आबाजी, आपल्या कवठबोडीचा हा डोमा कोन होय? मी काय सांगू तिले?"

"मी सहज विचारलं होतं," अपेक्षा म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "मला काय माहीत की ते आमचेच..."

माझं तर मन तिथंच विरघळलं. नाव बदलायला काय लागतं? डोमाच्या जागी सोमा करा, झालं. पण आमच्या मास्तरांच्या अंगात इतिहास संचारला. ते खुर्चीत ताठ बसले आणि दहावीच्या वर्गाला सांगावं तसं सांगू लागले. कादंबरी असली तरी ती ऐतिहासिक आहे, हुतात्म्याचं नाव खरं ठेवायचं आणि फितुराचं झाकायचं हा भैयाजीवर अन्याय, आज एक नाव बदललं तर उद्या दुसरा येईल. म्हातारा मान हलवत ऐकत होता. एवढं पुरेसं नव्हतं म्हणून की काय, हे पुढं झुकून विचारते झाले, "बरं कवडूजी, वडील दिसायला कसे होते हो? वर्णनात जरा कमी पडतंय."

मला वाटलं उठावं आणि ह्यांच्या तोंडात पाहुण्यांसाठी केलेले पोहे कोंबावेत.

"मालूम नाई जी," कवडूजी म्हणाले. "मी त्याच्याकडं पाहतच नव्हतो. माय लहानपनीच मेली. शाळेत पोट्टे मले शेन मारत, खबऱ्याचा पोट्टा म्हनून. सोळाव्या सालीच घर सोडलो अन् तुमसरले आलो. मंग बापाशी बोललो नाई. थो मेला तवा आग बी मी नाई देल्ली, चुलतभावानं देल्ली. पितरपाखात साऱ्या पितराईचे पान वाढतो, त्याचं वाढत नाई." इथं म्हातारा पहिल्यांदा ताठ बसला. "जो गावाच्या पोराले मारवते त्याले कायचं पान? बाप असला तरी काय झालं?"

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. आपण आयुष्यात एक अवघड गोष्ट केली आणि ती बरोबर केली, असा अभिमान. मला तो बघून कसंसंच झालं. ह्यांना मात्र भरून आलं. पाहुण्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले, नाव काढायचं काही कबूल केलं नाही, आणि आत येऊन म्हणाले, "मंदा, काय करारी माणूस आहे! देशासाठी बाप टाकला. हे पुस्तकात आलं पाहिजे."

"अन् त्यानं जे मागतलं थे?" मी विचारलं.

"ते जमणार नाही."

मी दोन दिवस ह्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्याचा परिणाम शून्य. लेखकाला अबोला म्हणजे सुट्टी वाटते.

मग पुस्तक छापायला द्यायची वेळ आली. शेवटचं वाचन दोघांनी करायचं असं आमचं आधीच ठरलं होतं. हे मोठ्यानं वाचत, मी हातात पेन घेऊन चुका काढी. डोमाच्या प्रकरणाशी आलो. डोमा साहेबापुढं हात जोडून उभा आहे आणि म्हणतो आहे, "साहेब, धान पिकला, पोट्टेबी पिकले. विळा घेऊनच या!" ह्यांना हे वाक्य फार आवडे. दिवाळी अंकवाल्यांनी तेच मोठ्या अक्षरात छापलं होतं.

मी आधीच चिडलेली. म्हटलं, "ऑगस्टात धान पिकते काय जी? आत्ताच रोवणी झाली म्हणून मागच्या पानावर तुम्हीच लिहिलं. शेतकऱ्याच्या घरचे ना तुम्ही? लोक हासतील."

"अगं, पण तो तसंच म्हणाला होता. सगळ्यांनी सांगितलंय." ह्यांनी मोबाईल काढला आणि एकेका म्हाताऱ्याचं बोलणं लावलं. पहिला म्हणाला, धान पिकला, पोट्टेबी पिकले. दुसरा तेच. तिसरी एक म्हातारी होती, तीही तेच, आणि 'विळा' म्हणताना तिघांचाही आवाज चढत होता. एकजण तर वाक्य झाल्यावर खो खो हसला.

"शाळेत पाठ करून घेतलं काय यांच्याकडून?" मी म्हटलं. "साहेबाच्या कचेरीत डोमा काय बोलला थे ऐकाले हे सारे तिथं गेले होते?"

 ह्यांनी मोबाईल बंद केला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर रस्त्याच्या पलीकडं लोक धान कापत होते.

"मंडईच्या वेळी धान पिकलेलं असतं," हे म्हणाले. "मंदा, हे वाक्य दंडारीतलं आहे."

ज्यांना आमच्याकडचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई भरते आणि मंडईत दंडार होते. गाणी, नाच, मधेच एखादा खेळ, मधेच गंमत. बायकांची सोंगंही पुरुषच घेत. कवठबोडीची दंडार एकेकाळी आसपासच्या गावांत नावाजलेली होती. भैयाजीच्या मरणाचा खेळ ते दर मंडईला करत, हे सगळ्यांना माहीत होतं, ह्यांनाही. पण आधी डोमाची फितुरी आणि मग तिच्यावरून खेळ, असंच सगळे धरून चालले होते.

त्या दंडारीतला एकच माणूस आता उरला होता. टिकारामजी. नव्वदी ओलांडलेली, लेकाकडे सानगडीत राहत. आम्ही गेलो तेव्हा अंगणात उन्हाला खाट टाकून बसले होते. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण आवाज अजून अंगणभर घुमत होता. ह्यांनी आपलं कूळमूळ सांगितलं, चहा झाला, मग हळूच विचारलं, "टिकारामजी, डोमा आठवतो का?"

"डोमा?" म्हाताऱ्याचं तोंड एकदम उजळलं. "अरे बाप्पा! डोमासारखा सोंगाड्या झाडीत पुन्हा नाई झाला!"

"सोंगाड्या?"

"मंग काय! नुसता उभा राह्यला तरी लोक हासत. आमच्या दंडारीत सोंगाड्याले दुसरं नाव नसे जी. स्वताच्याच नावानं उभा राहे. पाटील झाला तरी डोमा पाटील, चोर झाला तरी डोमा चोर. लोकाईले त्याचीच मजा ये. स्वराज्य आलं, शाहिरानं भैयाजीचा खेळ बांधला. आता खेळ म्हटला की सोंगाड्या पाहिजे. रडारडीत त्याले कुठी घालसान? म्हनून एक खबऱ्या केला. थो डोमानं केला. अन् असा केला, असा केला..." टिकारामजींनी खाटेवर बसल्याबसल्या दोन्ही हात जोडले, मान वाकडी केली आणि बारीक आवाजात म्हणाले, "साहेब, धान पिकला, पोट्टेबी पिकले. विळा घेऊनच या!" आणि स्वतःच इतके हसले की खोकला लागला. सुनेनं येऊन पाणी दिलं.

हे खाटेजवळ सरकले. "मग खरी खबर कोणी दिली होती?"

"कोनीच नाई! द्याले कायले लागते? पोट्टे आदल्या दिवशी या सानगडीच्या बाजारात ढोलकी वाजवत फिरले, उद्या झेंडा लावतो म्हनून. पोलिसाईले कान नव्हते काय?"

"आणि डोमा?"

"थो बी पाळीवरच होता पोराईसंग. गोळी चालली तसा साऱ्याईसारखा पळाला."

"पण मग त्याचं नाव असं राहिलं कसं?"

टिकारामजींनी पेला खाली ठेवला. "पुढं थो मोहाच्या झाडावरून पडला, कंबर गेली त्याची. उभं राहाले जमेना. मंग थे सोंग माह्याकडं आलं. माह्या नावानं उभा राह्यलो तर कोनी हासेना. म्हनून मी म्हटलो, डोमाचंच नाव राहू द्या खबऱ्याले. त्याच्या मानासाठी ठेवलं जी. थो पुढंच बसून पाहे, खूश होऊन जाये. मंग आमी गावोगाव खेळ केले. तिकडच्या लोकाईले काय मालूम डोमा कोन? आपल्या गावचे नवे पोट्टे बी खेळ पाहून त्याले खरंच खबऱ्या समजाले लागले, अन् जुने मरत गेले. आमी सांगत होतो, अबे, खेळ होय थो. पन कोन आयकते? डोयानं पाह्यलेलं सोडून कोन आयकते जी?"

परतीच्या एसटीत हे एका जागी बसेनात. आधी डोकं धरलं, सबंध प्रकरण खोटं निघालं म्हणून. मग सानगडी मागं पडलं तसे डोळे चमकायला लागले. कादंबरी आता कुठल्या कुठं जाईल, हसवणारा माणूस गावाचा फितूर कसा झाला, ह्याहून मोठी गोष्ट असूच शकत नाही, वगैरे. आणि मग, "उद्याच तुमसरला जातो. कवडूजींना सांगतो. बिचाऱ्याच्या बापावरचा कलंक पुसला गेला."

 "तुम्ही नाव काढा अन् गप्प बसा," मी म्हटलं. "त्यानं थेवढंच मागतलं होतं."

"काहून? बाप निर्दोष होता हे मुलाला सांगायचं नाही?"

"मुलगा काय दहा वर्षांचा आहे? त्यानं आपल्या घरात बसून काय सांगतलं थे ऐकलं ना तुम्ही? आग नाई दिली, पान नाई वाढलं. छाती फुगवून सांगत होता. आता त्याले सांगसान, बाबा, तुह्या बापानं काही केलंच नव्हतं?"

"सत्य कधीही कळलं तरी चांगलंच."

"तुमचं सत्य पुस्तकात जाईल. त्याचं त्याच्या म्हातारपणात जाईल."

पण हे ऐकणारे थोडेच! माणूस वाईट नाही, उलट चांगलाच. म्हणून तर त्याला थांबवता येत नाही. वाईट माणसाला दटावता येतं, भलं करायला निघालेल्याला कोण दटावणार? मी सोबत गेले. एकट्याला सोडवेना.

तुमसरला कवडूजींचं घर राईस मिलच्या मागच्या गल्लीत होतं. कोंड्याची बारीक धूळ छपरावर, पानांवर, सगळीकडं बसलेली. ह्यांच्या हातात पेढ्यांचा डबा. आम्हाला बघून म्हातारा लगबगीनं उठला. त्याला वाटलं, नाव काढलं हे सांगायला गुरुजी जातीनं आले. खुर्च्या पुसल्या, अपेक्षाला चहा टाकायला सांगितलं.

ह्यांनी सांगितलं. चांगलं सांगितलं, ते मी कबूल करते. घाई केली नाही, टिकारामजींचे शब्द जसेच्या तसे सांगितले. अपेक्षा चहाचं विसरून दारात उभी राहिली आणि एकदम ओरडली, "म्हणजे पणजोबा ॲक्टर होते? आबाजी, ऐकलं का? ते खबरी नव्हतेच!" तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, हसूही आलं. हे माझ्याकडं बघून हसले. बघ, म्हणत होते.

कवडूजी हलले नाहीत.

"टिकाराम जिता हाये?" त्यांनी विचारलं.

"आहेत. सानगडीत. तुम्हाला भेटायचं असेल तर मी घेऊन जातो."

"पयले खबऱ्याचं सोंग बापानंच केलं?"

"हो. त्यांनीच."

"लोक हासले?"

"पोट धरधरून हसायचे म्हणाले."

म्हातारा मान हलवत राहिला.  मग अपेक्षा डबा उघडायला लागली तेव्हा हात पुढं करून तिला थांबवलं.

"सांगतलं होतं त्यानं मले," ते म्हणाले.

"कोणी?"

"बापानं. आणीबानीच्या साली. कंबर पार वाकली होती. काठी टेकत टेकत एसटीनं आला अन् मिलच्या फाटकावर उभा राह्यला. हमाल पाहून राह्यले होते. मले इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली. म्हने, कवडू, बेटा, थो खेळातला डोमा होय बा, मी नोहो. मी म्हटलो, हात जोडतो, इथी कोनाले बाप आहो म्हनून सांगू नोको, जाय. थो म्हने, पानी तरी पाज." म्हाताऱ्यानं दाराकडं बघितलं. "नाई पाजलो जी. उलटपावली गेला. त्याच हिवाळ्यात मेला."

हे घाईनं म्हणाले, "तुम्हाला माहीत नव्हतं कवडूजी, तुमचा काय दोष?"

"माहीत कसं नव्हतं? त्यानं सांगतलं ना! सारं गाव खोटं बोलेल, बाप खोटं बोलेल, पन दंडार कशी खोटी बोलेल? मी लहान असताना डोयानं पाह्यलं होतं. साहेबापुढं हात जोडून उभा होता डोमा. मी त्याच सोंगातल्या डोमाले बाप समजलो." त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "गुरुजी, माह्याजवळ साऱ्या जन्मात एकच गोष्ट होती. बाप वाईट होता अन् मी बरोबर केलं. भुका राह्यलो, हमाली केलो, पन थे एक होतं. थे बी तुमी घेऊन गेले."

मी ह्यांच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मीच बोलले असते, आणि त्या घरात माझा आवाज नको होता.

मग म्हातारा खुर्चीवरून उठला, ह्यांच्यापुढं आला आणि त्यानं दोन्ही हात जोडले. "गुरुजी, नाव नोका काढू. जसं लिवलं तसंच राहू द्या. खबऱ्याच लिवा त्याले. पुस्तकात छापून टाका, म्हंजे पक्कं होऊन जाईन."

"आबाजी, पण ते खरं नाही ना!" अपेक्षा कळवळून म्हणाली.

"तू चूप बैस. मले खरं नाई पाहिजे."

हे उभे राहिले आणि पुन्हा बसले.  चहा झालाच नाही. निघताना आम्हाला सोडायला कोणी दारापर्यंत आलं नाही, आणि यायला नकोच होतं.

पुस्तक अजून छापलेलं नाही. ह्यांनी खरं प्रकरण लिहून पाहिलं, ते चांगलं उतरलं आहे, मी वाचलं. पण देववत नाही म्हणतात. ते छापलं तर तुमसरचा म्हातारा मरतो आणि जुनं छापलं तर मेलेल्या डोमाला आपण पुन्हा हाकलतो. प्रकाशकाचा फोन आला की हे संडासात जाऊन बसतात. मला राग येतो, मग कीव येते, मग पुन्हा राग येतो. टिकारामजींवर रागवावं तर त्यांनी मानासाठी नाव ठेवलं होतं. कवडूजींवर रागवावं तर पोरवयात त्यांनी काय सोसलं हे मला शाळेत शिकवल्यामुळं चांगलं ठाऊक आहे. मग उरतात आमचे हे, आणि त्यांचं खाणंच कमी झालंय.

संक्रांतीनंतर एका दुपारी अपेक्षाचा फोन आला. आबाजी दोन दिवसांपासून जेवत नाहीत, तुमच्याशी बोलायचं म्हणतात. ह्यांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"गुरुजी, लिवलं काय?" कवडूजींचा आवाज फार लांबून आल्यासारखा होता.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काहीच खूण केली नाही.

"लिहिलं," हे म्हणाले. "तसंच ठेवलंय."

"खबऱ्याच?"

"खबऱ्याच."

"वाचून दाखवा जी."

कपाटातून दिवाळी अंक मीच काढून दिला. ह्यांनी पान उघडलं आणि वाचायला लागले. डोमा अंधारात घराबाहेर पडतो, पोलिसांच्या ठाण्याशी येतो, साहेबाच्या पायावर डोकं ठेवतो. वर्गात वाचत तसं, शब्द शब्द सुटा करून, न अडखळता वाचलं. ह्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं ते पुसायलाही थांबले नाहीत. धान पिकला ते वाक्य आलं तेव्हा पलीकडून एक बारीक हुंदका ऐकू आला. वाचून संपलं. फोनमध्ये मिलची घरघर येत होती.

"हां," कवडूजी म्हणाले. "असाच होता थो." आणि मग, "गुरुजी, अजून एक बार वाचा."

ह्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.